सीटखालचा स्विच

आमी मूळचे अकोटचे. बाप कापसाच्या जिनिंगमदी, सरकी काढाच्या कारखान्यात, कामाले होता. तिथल्या मशीनची जाळी उघडली का मशीन बंद पडे, असा स्विच होता तिले, पन घडीघडी बंद पडते म्हनून मालकाच्या मानसानं तो तारेनं बांधून ठेवला, अन् एक दिवस बापाचा उजवा हात कोपरापासून गेला. काय सांगू तुमाले, मी तवा सातवीत होतो, तवाच ठरवलं का आपन लाईटचंच काम शिकाचं.

आता नांदगाव पेठले कापडाच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन आहो. तिथं गवत कापाची, वर बसून चालवाची मशीन आहे, कांताबाई चालवते. दसऱ्याले आमच्या सुपरवायझरनं त्या मशीनची पूजा केली, हळद-कुंकू, झेंडूचा हार, अन् नारळ फोडला तो थेट सीटवर. आमी बौद्ध, आमच्यात हे नाई, म्हनून मी बाजूले उभा होतो. आठ दिवसांनी मशीन काढली तं मुकी. चाबी फिरवली तं टिक बी नाई. तं तो सगळ्यायसमोर म्हनते कसा, तू हात जोडले नाई म्हनून मशीन रुसली, आता तूच चालू कर, परवा मोठे सायेब येऊन राहिले. डोकंच फिरलं ना माझं! मशीन काय जावई आहे का रुसाले?

बॅटरी पायली, भरलेली. फ्यूज पायला, साबूत. मंग सीट उचलली. तिच्याखाली एक स्विच असते, मानूस बसला का दबते, तवाच मशीन चालू होते, उठला का पातं बंद. त्याच्या जोडात नारळाचं पानी अन् कुंकवाचा चिखल, पितळ हिरवं झालेलं. म्या त्याले दाखवलं, पाहा सायेब, हे तुमचं नारळपानी. तं म्हनते, मंग दोनी तारा पिळून टाक, स्विचची भानगडच नको.

तारा पिळून टाक म्हने! कांताबाई घडीघडी उतरते, दगड उचलते, काड्या काढते, पातं फिरतच राहिलं अन् त्यात पाय गेला तं हा देनार आहे का तिले पाय? म्या म्हनलं, नाई पिळत. तो म्हनते, तं उद्यापासून येऊ नको. म्या म्हनलं, नाई येत, पन हे नीट करूनच जाईन. पॉलिश पेपरनं घासलं, पुसलं, वाळवलं, जोडलं, कांताबाईले बसवलं, एका झटक्यात चालू. तिले उठाले लावलं, पातं बंद. तं हा बावा धावत आला, हातात दुसरा नारळ! म्या सीटवर आडवा हात ठेवला, म्हनलं आता फोडाचा असन तं माझ्या डोक्यावर फोड.

कंपनीतून अजून बोलावनं नाई. अकोटले येऊन बसलो आहो. बापाले सगळं सांगतलं. त्यानं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.