अण्णांचा निवद

निलंग्याच्या बसस्थानकात माझ्या मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

“ऊसवाल्यांचे पुढारी शेषेरावअण्णा, त्यांचं वर्षश्राद्ध झालं म्हणं परवा.”

“हाव.”

“एवढा मोठा माणूस, पण मीटिंग कायम बांधावर.”

“छताखाली जीव गुदमरायचा त्यांचा.”

“तुमच्या वळखीचे होते?”

“चाळीस वर्षं त्यांची भाकर घेऊन शिवारभर हिंडले. आज विहिरीवर, उद्या ओढ्याला. दिसंल त्याला इचारायचं, आमचे मालक दिसले का?”

“आगं बाई! तुम्ही त्यांच्या घरच्या?”

“हाव. परवा सून म्हणली, निवद फोटोपुढं ठिवा.”

“मग?”

“विहिरीवर ठिवून आले. घरात कधी सापडले व्हते ते?”