पश्चिमेची कड

(साक्रीच्या वरचं पठार. श्रावणातली सकाळ, दाट धुकं. पवनचक्कीच्या खांबापाशी एक जीप उभी आहे. गाडीत तिघं : कीर्तनकार लीलाधर महाराज, त्यांच्या मागे पेटी वाजवणारा नीलेश, आणि चालक हेमराज, जो मंडळाचा भोंगाही सांभाळतो.)

हेमराज : परत खांबच उना, महाराज. रस्ता सरना.

महाराज : हा तिसरा ना रे?

हेमराज : पाचवा. या पवनचक्कीवालासनी एकेक खांबले एकेक रस्ता करेल शे. कोनताबी धरा, खांबना पायथाशी जाईसन सरस.

नीलेश : पण दिशा बरोबर आहे आपली. हे बघा, दोनशे अडुसष्ट अंश. म्हणजे पश्चिमच. वर चढल्यापासून एकदाही हललेलं नाही.

हेमराज : पश्चिमले चालनूत तर उतार का लागत नही? फरशी पूलजवळना माणूसनी काय सांगं व्हतं? नदीले पानी शे, वर पठारवर चढा, पश्चिमनी कड धरा, अर्धा तासमा करवंदपाडा खाले दिसी. कोठे शे कड?

नीलेश : एवढ्या धुक्यात कड दिसणार कशी?

हेमराज : दिसनी नही तरी गाडी खाले पडती ना! तेवढं तर समजतं.

महाराज : शुभ बोल बाबा. पुनाच्या दहाव्याला निघालोय आपण. एक दहावा पुरे. वाजले किती?

नीलेश : पावणेदहा.

महाराज : नऊचं कीर्तन होतं. नदीकाठी सतरंज्या टाकून बसली असतील माणसं. पुन्हा एकदा लाव ना नवलला फोन. बापाचे विधी करील की आपली वाट बघील ते पोर?

नीलेश : रेंजच नाही महाराज. घाट चढलो तेव्हा गेली ती गेलीच. नकाशाही उघडत नाही त्यामुळे. फोनमधल्या होकायंत्राला रेंज लागत नाही, म्हणून तर ते लावून ठेवलंय समोर.

हेमराज : मी चार डाव वळनू. एकदाव डावीकडे, तीनदाव उजवीकडे. आनि हाई यंत्र म्हने पश्चिम. गाडी फिरस, मी फिरस, मनं डोकं फिरस, फक्त हाईच फिरत नही.

नीलेश : रस्ता वळतो आणि पुन्हा सरळ होतो, हेमराजभाऊ. तुम्हाला वाटतं वळलो... थांबा, आता काहीतरी लिहून आलं. ‘फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवा.’

महाराज : हे काय? ओवाळतोस कोणाला?

नीलेश : असं फिरवलं की ते ठिकाणावर येतं म्हणे.

हेमराज : नारळ भी फोड त्यानापुढे.

नीलेश : झालं. दोनशे सत्तर. पश्चिम.

हेमराज : पुनानाना राहतात तर डोळा मिटीसन वाट सांगतात. त्यासनं लहानपन गयं या पठारवर, ढोरं चारामा. पन त्यासनी जागावर आते शिकेल पोऱ्या बसेल शे ना.

नीलेश : मी मागितली नव्हती ती जागा.

हेमराज : मी कोठे म्हनं तू मांगी? बसेल शे, एवढंच म्हनं.

महाराज : हेमराज, त्याला बोलू नको. मी बसवला त्याला. पुनाला उठवला तोही मीच.

नीलेश : महाराज, राहू द्या ना आत्ता.

महाराज : आत्ता नाही तर कधी? आपण तिघंच आहोत, खांबापाशी अडकलोय, पुढे जाता येत नाही. तीस वर्षं पेटी धरली त्याने माझ्या मागे. शेवटी शेवटी बोटं थरथरायची. रावेरकडच्या एका सप्ताहात स्वर चुकला त्याचा, आणि मी लोकांदेखत मागे वळून पाहिलं. एवढंच. बोललो काहीच नाही. पण मी पाहिलं, ते त्याने पाहिलं.

हेमराज : मंग निरोप धाडा माले दीसन.

महाराज : हो. पुढच्या कीर्तनाला येऊ नको, हे सांगायला मी स्वतः गेलो नाही. तुला पाठवला.

हेमराज : नानासनी माले चहा पाजा. मंजुळाबाईनी शेवना लाडू दिन्हात बांधीसन. नाना रागे भरनात नही, महाराज. हासनात. बोलनात, महाराजले सांग, मनी पेटी ठेवाई गई, हरकत नही. पन मना दहावाले दुसरा कोनी उभा राहाले नको. त्यासनीच उभं राहानं.

महाराज : दोन वर्षं झाली या गोष्टीला. आजारी पडला तेव्हा जाणार होतो. आषाढात जाऊ म्हटलं, मग सप्ताह लागले एकामागे एक. भुसावळ झालं, यावल झालं. मांडवात उभा राहून लोकांना सांगतोय, माणूस आहे तोवर त्याच्या दारी जा. आणि इकडे पुना गेला. आता हा एक शब्द तेवढा पाळायचा राहिलाय माझा. तो थांबेल. मी पोचल्याशिवाय कावळा शिवायचा नाही, बघ तू. चल, घे गाडी मागे.

नीलेश : थांबा. मी उतरून जरा पुढे बघून येतो, पायवाट असेल एखादी. फोन नेतो हं.

हेमराज : ने. आनि खांब दिसना तर सांगू नको.

महाराज : हेमराज, डिझेल आहे ना?

हेमराज : शे. साक्रीले टाकं व्हतं. पन इतलं फिरनूत, महाराज, मनाच भरोसा नही आते कोनती बाजूनी उनूत त्याना.

महाराज : चौकी दिसली होती एक मघाशी, पत्र्याची.

हेमराज : कुलूप व्हतं. मी हाक मारी, कुत्रं भी उनं नही.

नीलेश : महाराज! ओ महाराज! इथे उतरा जरा!

महाराज : सापडली का वाट?

नीलेश : नाही. हे बघा. इथे उभा राहिलो तर फोन म्हणतो, गाडीचं तोंड पूर्वेला आहे. पूर्वेला! आता माझ्याबरोबर या. गाडीपाशी आलो... बघा सुई कशी सरकतेय... आत घातला हात, समोर ठेवला फोन. पश्चिम.

महाराज : म्हणजे?

नीलेश : म्हणजे गाडीत काहीतरी आहे. लोखंडामुळे थोडा फरक पडतो, पण इतका नाही पडत. हे उपरण्यात काय गुंडाळून ठेवलंय समोर? फोनच्या मागेच?

हेमराज : ते? ते भोंगानं युनिट शे. नवं. मागे ठेवतू तर हादरी जातं, म्हनीसन पुढे ठेवं...

नीलेश : काय झालं?

हेमराज : अरे देवा.

महाराज : काय झालं, बोल ना.

हेमराज : युनिटमा लोहचुंबक ऱ्हास, महाराज. हाऊ एवढा, पोळीसारखा. मी भोंगा खोलस तवय स्क्रू हरपाले नको म्हनीसन त्यालेच चिकटाडी ठेवस. वीस वरीस झायात ठेवस. मनाच ध्यानमा उनं नही.

नीलेश : म्हणजे सकाळपासून सुई त्या चुंबकाकडे बघत होती. गाडी कुठेही वळवा, भोंगा समोरच. म्हणून पश्चिम हलत नव्हती.

हेमराज : माले मारा, महाराज. दोन थापडा मारा.

महाराज : तुला कशाला? युनिट आणायला मीच सांगितलं होतं. गावचा भोंगा खरखरतो म्हणून. म्हटलं, पुनाचं कीर्तन आहे, टोकाच्या घरापर्यंत शब्द न् शब्द गेला पाहिजे. पुढे ठेव, जपून ने, हेही मीच म्हटलं.

नीलेश : चूक माझी आहे. हेमराजभाऊ म्हणत होते, चार वेळा वळलो. मी माणसाचं ऐकलं नाही, फोनचं ऐकलं.

हेमराज : आते रडू नका दोन्ही. युनिट मी मागला सीटखाले टाकस, गोधडीमा. आते सांग, पश्चिम कोठे?

नीलेश : तिकडे. आपल्या पाठीमागे.

महाराज : चला मग.

नीलेश : महाराज, पश्चिम कुठे ते कळलं. आपण कुठे आहोत, ते कुठे कळलंय? कड इथून एक किलोमीटर असेल नाहीतर दहा. आणि सरळ पश्चिमेला रस्ताच नाही, शेतं आहेत, चर खणलेत.

महाराज : अरे, पण काहीतरी करा रे. मी काय करू? मला सांगा, मी उतरून चालतो. पायी जातो सरळ.

हेमराज : हाई धुकामा? तुमनं वय काय, गुडघा काय. बसा तुम्ही. नीलेश, तू पुढे चाल, फोन हातमा धरी. गाडीपासून दहा हात लांब. मी तुनामागे येस.

नीलेश : हळू या पण. आणि हॉर्न नका वाजवू पाठीत.

महाराज : रामकृष्ण हरी. रामकृष्ण हरी. हेमराज, त्याच्या चपला बघ, चिखलाने दोन शेराची झालीय एकेक.

हेमराज : चांगला पोऱ्या शे तो. मीच तोंडाळ.

महाराज : किती वाजले रे नीलेश?

नीलेश : दहा चाळीस. हा रस्ता उत्तरेला वळतोय, महाराज. पुढच्या फाट्याला बघू.

हेमराज : आनि तो फाटा?

नीलेश : दक्षिण. याच्याही टोकाला खांबच असणार.

महाराज : गुरुजी तरी थांबतील. लीलाधर महाराज येतायत म्हटल्यावर थांबतील ना?

हेमराज : थांबतीन.

महाराज : तुला कसं माहीत?

हेमराज : माले काय माहीत, महाराज. तुम्ही विचारं, मी सांगं.

नीलेश : अकरा पाच... हा रस्ता जातोय पश्चिमेला. जातोय! बरोबर जातोय. या असेच मागे.

महाराज : हेमराज, कीर्तन नाही झालं तरी चालेल. मी नुसता उभा राहीन. पिंडापुढे उभा राहून म्हणेन, पुना, आलो रे. त्याला कुठे भोंगा लागतो?

हेमराज : उतार लागना! महाराज, गाडी खाले वळनी, दखा!

नीलेश : बारा वाजायला दहा कमी आहेत. थांबा, थांबा, रेंज आली. एक काडी... मिस्ड कॉल आलेत, नऊ. सगळे नवलदादाचे. लावतो. मोठ्याने लावतो, तिघांनाही ऐकू येईल.

नवल : महाराज? कुठे आहात तुम्ही? आम्ही सकाळपासून फोन करतोय. अपघात झाला की काय, म्हटलं.

महाराज : नाही बाबा. वाट चुकलो. पठारावर होतो, तुझ्या गावाच्या वरच. नवल, पिंड मांडला का?

नवल : अकराला मांडला. थांबलो होतो महाराज, दोन तास थांबलो. गुरुजींना पुढे दुसरं गाव होतं.

महाराज : त्यांचं बरोबर आहे. आणि... शिवला का?

नवल : ठेवला तसा शिवला. आम्ही मागे सरकलोही नव्हतो.

महाराज : लगेच?

नवल : लगेच. लोक म्हणाले, नाना समाधानाने गेले, कशात जीव अडकला नाही.

महाराज : बरं झालं. चांगलं झालं, बाबा. मग उगाच मी... चांगलंच झालं.

नवल : तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. कीर्तनाचं म्हणाल, तर माणसं नुसती बसली होती. मग आई उठली.

महाराज : मंजुळाबाई?

नवल : हो ना. जन्मात कधी चारचौघांत तोंड उघडलं नाही तिने. नानांच्या पेटीवर हात ठेवून उभी राहिली आणि एक अभंग म्हटला. अख्खा म्हटला, महाराज. एकाही माणसाचे डोळे कोरडे राहिले नाहीत.

महाराज : कोणता? नवल, कोणता म्हटला तिने?

नवल : तो नाही का, नाना घरी एकटेच बसून रोज संध्याकाळी जो... हॅलो? महाराज, ऐकू येतंय का? तो नानांचा आव...

महाराज : नवल? अरे, कोणता? नवल!

नीलेश : गेला. रेंज गेली, महाराज. मी जरा उंचावर जाऊन बघतो.

महाराज : राहू दे.

हेमराज : तुमले तर माहीत व्हई कोनता. तीस वरीस ते तुमनामागे व्हतात.

महाराज : माझ्या मागे तो मी सांगेन ते म्हणायचा, हेमराज. घरी काय म्हणायचा, ते मी कधी विचारलंच नाही.

नीलेश : मग आता विचारू ना. पोचतोच आहोत खाली. मंजुळाकाकूंना म्हणू, आमच्यासाठी एकदा म्हणा.

महाराज : विचारू. पण ती आता परत म्हणेल का रे?