संगणक उघडेपर्यंत

हॅलो? … हं, अवंती, बोल. … हो, गोत्रीच्या घरीच आहे, बाबांच्या टेबलाशी. … दाबलं गं बटण. केव्हाच. नुसतं गोल फिरतंय.

अगं, ऐक ना… मी काही केलं नाही. मध्येच अडकला म्हणून बंद करून परत चालू केला. … दहा मिनिटं झाली असतील.

माहितेय. फोटो आजच द्यायचाय. परवा बाबांना जाऊन महिना होईल, मढवायला दोन दिवस तरी लागतात. … फोनवर नाहीत, सगळे ह्यातच आहेत.

थांब. उघडला! … हो, हो, सांग. … बरं. आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी… आली.

अरे देवा. … हसू नकोस. तीन अँटिव्हायरस आहेत. बुद्धिबळ. दोन कॅलेंडरं. टोरांटोचं हवामान. … हो, तुझ्यासाठीच असणार.

सगळ्यांच्या खुणा काढू, म्हणजे लवकर उघडेल? … अगं, पण एवढं सगळं भरलं कशाला? रिफायनरीत जन्मभर यंत्रंच दुरुस्त केली त्यांनी. त्यांना कळत नव्हतं?

कुठली डिस्क? … दिवाळीत पाठवलेली, वेग वाढवायची? ती बसवली ना त्यांनी? … हो, मलाही तेच म्हणाले होते. 'विमानासारखा चालतो.'

बघते. खालचा खण… स्टेपलर, जुने चष्मे… अवंती.

आहे. खोक्यातच आहे. सील तसंच.

नाही, रागावू नकोस. … असं काय म्हणतेस? तुझ्या वस्तूची किंमत नव्हती असं नाही. … अगं, रडू नको ना. वर चिठ्ठी चिकटवलीय. त्यांचंच अक्षर. वाचू?

'अवंतीची डिस्क. उत्तम आहे. इतक्यात बसवू नये. संगणक लवकर उघडला तर पद्मा बसणार नाही.'

… 'पद्मा बसणार नाही', असंच लिहिलंय.

हो. आईच्या बायपासनंतरचं. डॉक्टरांनी सकाळी थोडं बसायला सांगितलं होतं, आणि ती कुठली बसायला! मग बाबा बटण दाबून गॅलरीत झोपाळ्याशी यायचे. 'पद्मा, उघडेपर्यंत बस गं जरा.' हिंचक्यावर दोघं, चहा घेऊन. ती कुरकुरायची, फेकून द्या ते धूड म्हणून. आणि हे आपले गुजरातीत, 'थशे, थशे', होईल, होईल.

… नाही, तिला ठाऊक नसणार.

सांगू? … मलाही नाही वाटत. आत्ता नको.

फोटो घेते पेनड्राइव्हवर. निळ्या शर्टातला. … नाही, खुणा नाही काढत. राहू देत. डिस्कही राहू दे खणात.

एक मिनिट हं, आई आलीय. … काय गं आई?

… नाही, अजून नाही उघडला. वेळ लागेल. तू बस ना हिंचक्यावर, मी आलेच.

अवंती, ठेवते गं. … हो, बसली. … दोन कप आणलेत तिने.