आकसलेला तुकडा

समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या संचालक मॅडम, त्यांच्या शेजारी बसलेले शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख सर, आज ज्यांना निरोप द्यायचा आहे त्या आमच्या बाई, आणि समोर बसलेले सहकारी व नातेवाईक, सर्वांना माझा नमस्कार.

मी स्नायू तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे. ती खोली म्हणजे गोदाम आहे असा बऱ्याच जणांचा समज आहे आणि बाईंनी तो कधी दूर केला नाही. कुणी डोकावत नाही, काम शांतपणे होतं. आम्ही दोघीच तिथे. मांडीतून किंवा दंडातून काढलेला शेंगदाण्याएवढा तुकडा येतो. तो आम्ही गोठवतो, त्याचे पातळ काप काढतो आणि काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहतो.

काय पाहतो? स्नायू म्हणजे तंतूंची जुडी. प्रत्येक तंतूत आणखी बारीक तंतू, आणि त्यांत जाड व पातळ धागे एकाआड एक रचलेले. त्यामुळे निरोगी तंतूवर गडद आणि फिक्या आडव्या पट्ट्या दिसतात, मोजपट्टी ठेवून आखल्यासारख्या. नसेकडून हुकूम आला की तंतूच्या आत कॅल्शियम सुटतं. पातळ धाग्यावरच्या झाकलेल्या जागा उघड्या पडतात, जाड धाग्याची इवलीशी डोकी तिथे पकड घेतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले होते, "म्हणजे धागे आखूड होतात." बाई म्हणाल्या, "पुन्हा बघ." धागे आखूड होत नाहीत. ते एकमेकांत सरकतात, आखूड होतो तो तंतू.

'पुन्हा बघ' हे शब्द ज्यांनी ऐकलेत त्यांना त्यांचा अर्थ माहीत आहे. तुझं चुकलं. बरोबर असेल तर बाई काहीच बोलत नाहीत. त्यांचं कौतुक म्हणजे शांतता.

आमच्याकडे एक नियम आहे. प्रत्येक काच दोघींनी वेगवेगळी पाहायची, मध्ये अवाक्षर काढायचं नाही, आणि मग आधी धाकटीने बोलायचं. "मी आधी बोलले तर तुला माझंच दिसेल," असं बाई म्हणतात.

दुसरी शिस्त चिमट्याची. स्नायू कापायच्या आधी तो दोन्ही टोकांना चिमट्यात धरायचा, म्हणजे त्याची लांबी होती तशी राहते. तसं केलं नाही तर कापताक्षणी तो आवळला जातो. पट्ट्या विस्कटतात, तंतू गडद आणि गोल दिसतात, आणि निरोगी स्नायू आजारी वाटू शकतो. ही चूक कोणत्या विभागाकडून होते ते मी सांगणार नाही. व्यासपीठावर कुणीतरी पाणी प्यायला घेतलंच आहे.

तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर माझी ताई बसली आहे. कडेची अशासाठी, की उठताना तिला हात टेकायला जागा लागते. जिने चढताना पाय साथ देईनात, केस विंचरताना हात खाली येऊ लागला. रक्ताच्या आणि नसांच्या तपासण्यांतून काही ठरेना. दोन शक्यता उरल्या. नसेचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नसेल, तर औषधं आहेत. धाग्यांची रचनाच ढासळत असेल, तर आमच्याकडे काही नाही. आणि श्वासही स्नायूच घेतात. हे मी ताईला सांगितलं नव्हतं. आत्ता सांगितलं.

तिचा पहिला तुकडा आला तेव्हा मीच आधी पाहिला. गडद, गोल तंतू. पट्ट्या नाहीतच. नियम मोडून मी बाईंना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "चिमट्यात होता?"

नव्हता.

"मग हा तुकडा आजारी आहे की नुसता घाबरलेला, ते मला सांगता येणार नाही. आणि तुलाही नाही. दुसरा मागव."

ताई म्हणाली, "तुझ्या बाईंना सांग, मी काही मटणाचं दुकान उघडलेलं नाही." पण तिने पुन्हा मांडी पुढे केली. या वेळी चिमटा घेऊन बाई स्वतः शस्त्रक्रियागृहात गेल्या.

मला यातून वगळा, असं मी त्यांना म्हटलं होतं. रक्ताच्या नात्याची काच मी कशी तपासू? बाई म्हणाल्या, "वगळलं तर तू माझ्या चेहऱ्यावरून निदान करत बसशील. त्यापेक्षा काचेवरून कर. ताईकडे बघू नकोस, पट्ट्यांकडे बघ."

त्या दुसऱ्या तुकड्याची काच आज सकाळी बाईंनी पाहिली. इथे येण्याआधी मी पाहिली. आम्ही बोलायच्या आतच सत्काराची गाडी दाराशी आली. तेव्हापासून मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहते आहे आणि त्यांनी तो हारामागे लपवला आहे.

मला कशाची भीती वाटते ते सांगते. वाईट दिसण्याची वाटत होती. आता वेगळीच वाटते. मी जे पाहिलं ते काचेवर होतं, की मला तेच हवं होतं म्हणून दिसलं? हे मला एकटीला ठरवता येत नाही. उद्या त्या खोलीत मी एकटीच असेन.

समारंभ संपेपर्यंत थांबणार होते. राहवत नाही. ताईने आत्ता मान डोलावली आहे, म्हणजे बोल. नियमाप्रमाणे धाकटीने आधी बोलायचं.

बाई, पट्ट्या सरळ आहेत. सगळ्या तंतूंमध्ये. रचना शाबूत आहे.

...

अध्यक्ष मॅडम, ही शांतता कृपया लांबू द्या. बाईंनी चष्मा काढून ठेवला आहे. त्या माझ्याकडे पाहत आहेत.

त्या 'पुन्हा बघ' म्हणालेल्या नाहीत.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. निरोपाच्या भाषणात घरचं आणलं, बाईंचं पुरेसं गुणगान केलं नाही, ते पदरात घ्या. त्यांना ते तसंही आवडलं नसतं.

ताई, तू उठायची घाई करू नकोस. मी खाली येते, मग दोघी उठू.