आवाज आभाळातून येईपर्यंत

भूकंपात मोबाइलचे टॉवर झोपले. मग परदेशी पथकानं आमच्या चौतारीवर, पिंपळाच्या पारावर, उपग्रहाचा फोन लावला, माणशी तीन मिनिटं. रांगेत माझ्यापुढं म्हाताऱ्या फूलमाया आमा आणि त्यांना फोन लावून द्यायला आलेला शेजारचा सुकमान.

"कतारला माझ्या धाकट्याला, कान्छाला कळवायचंय, आई जित्ती आहे म्हणून."

"एकदाच बोला, आमा, अन् गप्प बसा. आवाज आभाळात जाऊन येतो. मधे बोललात तर दोघांचंही कळत नाही."

"गप्प? लग्नात भटजीलासुद्धा बोलू दिलं नव्हतं मी!"

"आज जमवा. घ्या, लागला."

"कान्छा! जित्ती आहे रे मी!"

"आता थांबा."

"काहीच येत नाही, सुकमान."

"थांबा हो."

"आला!"

"काय म्हणतो?"

"रडतोय."

"मग बोला की काहीतरी!"

"थांब रे. ऐकू दे मला."