रथाची मोगरी आणि हरलेला मतदार

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न सोपा आहे, उत्तर अवघड आहे. आपण ज्याला मत दिलं तो पडला — तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून देवाकडे काय मागायचं?

हसू नका! तुम्ही पाटावर बसता, गंध लावता, हात जोडता — आणि मनात काय चाललेलं असतं? ते सांगू का इथे? नको? बरं, मग आपण नथ्थूअप्पांचं सांगू. ते इथे नाहीत, त्यामुळे कुणाला राग यायचा नाही!

खानदेशात धामणखेडे नावाचं गाव. नगरपालिकेचं गाव हं, वीस-पंचवीस पानटपऱ्या आणि प्रत्येक टपरीवर एक मुख्यमंत्री! तिथे कार्तिकात बालाजीचा रथ निघतो. केवढा रथ? दुमजली घराएवढा! लाकडाची चाकं माणसापेक्षा उंच. त्याला ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. मग थांबतो कसा? वळतो कसा? मोगरीनं! मोगरी म्हणजे बाभळीच्या लाकडाची जाडजूड पाचर. चालत्या चाकापुढे वाकायचं, ती नेमकी सारायची आणि हात मागे घ्यायचा. हात राहिला तर — जाऊ द्या, भरल्या मंडपात ते बोलायचं नाही.

ही मोगरी नथ्थूअप्पा वारक्यांच्या घराण्याकडे. माणूस जुन्या वळणाचा. टोपीशिवाय दारात येणार नाही, चहा बशीशिवाय पिणार नाही, आणि मत समईशिवाय देणार नाही! समई म्हणजे गावचे जुने अध्यक्ष आबासाहेब, त्यांच्या पक्षाची निशाणी. अप्पांच्या वडलांनी समईला मत दिलं, अप्पांनी दिलं. समईत तेल आहे की नाही हे कुणी बघितलं नाही, पण मत दिलं!

यंदा अध्यक्षपदाची निवडणूक थेट जनतेतून. आबासाहेबांच्या समोर उभी राहिली वर्षा सरोदे. तिशीतली पोर, निशाणी शिडी. आणि प्रचारात म्हणाली काय? "यंदा रथाचा दोर बायकासुद्धा ओढतील!"

झालं! अप्पांचा चहा बशीतच राहिला. "बायका दोर ओढतील? उद्या म्हणेल देवानं खाली उतरावं आणि आपण वर बसावं!" चौकात म्हणाले, "ही निवडून आली तर गावाचं वाटोळं झालं समजा, भो!" आणि खात्री केवढी! मोजणीच्या आदल्या दिवशीच पेढे आणून कपाटात ठेवले.

मोजणी झाली. शिडी वर गेली, समई विझली!

अप्पा घरी आले. टोपी खुंटीला, तोंड भिंतीकडे. बायको पुष्पाबाई म्हणाली, "जेवता ना?" "मला भूक नाही. गाव बुडालं आणि तू जेवायचं विचारून राह्यली?" "गाव बुडालं तरी वांग्याचं भरीत गरमच खावं लागतं," ती म्हणाली. अप्पा भिंतीशीच बोलले, "बघशील तू. उद्यापासून नळाला पाणी यायचं नाही!"

सकाळी उठून पहिलं काम काय? देवाला नमस्कार? छे! नळ सोडला. धो धो पाणी! रोजच्यापेक्षा जोरात! अप्पांनी नळ बंद केला. म्हणाले, "हे आबासाहेबांच्या काळातलं उरलेलं आहे."

अहो, हसता काय? तुमच्यापैकी कुणी निकालानंतर रस्त्यावरचे खड्डे मोजत हिंडलं नाही? पेटीवाले बुवा, तुम्ही खाली का बघताय?

आता रथाचा दिवस. तिथली रीत अशी — गावच्या अध्यक्षानं नारळ फोडायचा, मोगरी हातात घ्यायची आणि मोगरीवाल्याला म्हणायचं, "धरा, गाव तुमच्या हाती." मग मोगरीवाल्यानं मोठ्यानं "गोविंदा!" म्हणायचं. ती हाक येईपर्यंत चाक हलत नाही. म्हणजे अप्पांना मोगरी घ्यायची कुणाच्या हातून? वर्षाच्या!

सकाळीच ती दारात आली. "अप्पा, चलता ना?"

"माझी कंबर धरली आहे."

"काल तर पिठाचा डबा खांद्यावर घेऊन चालला होता."

"म्हणूनच धरली!" अप्पा म्हणाले. "मोगरी देवघरात आहे, घेऊन जा. माझ्या हाताखालचा धनराज लावेल. मीच शिकवलंय त्याला."

पोरीनं देवघरातली मोगरी उचलून कपाळाला लावली आणि ती गेली. मागून पुष्पाबाई निघाली. पदर खोचलेला, नवी साडी!

"तू कुठं?"

"दोर ओढायला."

"आपण समईवाले आहोत!"

"तुम्ही आहात," पुष्पाबाई चपला घालत म्हणाली. "मी शिडीला दिलं."

मंडळी! बोटावर मतदानाची तीच शाई घेऊन ती बाई रोज भाकरी वाढत होती, आणि ह्यांना पत्ता नाही! आपल्या घरातलं मत मोजायला येत नाही, आणि माणूस गावाचं भविष्य सांगतो!

अप्पा एकटे ओट्यावर बसले. त्यांचं घर उताराच्या वळणावर. रथाची सगळ्यात अवघड जागा ती. लांबून धनराजची "गोविंदा!" हाक आली, मागोमाग ढोल ऐकू येऊ लागला. चाकाचा करकर आवाज, मधेच मोगरीचा धप्प. अप्पांच्या कानाला सगळं कळत होतं. धनराजचा हात बरा पडत होता. अडखळला नाही, घसरला नाही. जसजसा रथ नीट येत होता तसतसे अप्पा कासावीस होत होते. बघा हं, रथ नीट येतोय म्हणून कासावीस!

आणि त्यांचे ओठ हलले. "अडू दे रे बालाजी. एकदाच अडू दे. कळू दे सगळ्यांना."

मंडळी, याच ओठांनी आयुष्यभर काय म्हटलं होतं? प्रत्येक वेळी चाकापुढे वाकताना — "सांभाळ रे बालाजी, सांभाळ!" तो शब्द संपल्याशिवाय हात पुढे गेला नव्हता. आणि आज तेच ओठ, तोच देव, आणि मागणं काय? अडू दे!

तेवढ्यात ढोल थांबला. चाक थांबलं. सगळी गल्ली चिडीचूप.

अप्पा ताडकन उठले. उतारावर रथ अडला म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? सुटला तर पुढे दोराला माणसं. बायका. त्यांत नव्या साडीतली पुष्पा! मागितलं ते मिळालं होतं, आणि त्यांना ते नको होतं. ना टोपी, ना चप्पल — माणूस ओट्यावरून उडी मारून धावत सुटला! कंबर? कसली कंबर!

"कुठं अडला? कोणतं चाक? सरका! माझ्यामुळे झालं हे, सरका!"

चाकाशी वर्षा उभी. चाकाला दुसऱ्या पाचरीची अडकण, आणि अप्पांची मोगरी तिच्या दोन्ही हातांत. मागे धनराज, घाम पुसत गालात हसतोय.

"अडला नाही अप्पा," ती म्हणाली. "थांबवलाय. या वळणाला हाक तुमचीच लागते, असं सगळे म्हणाले. आम्ही थांबलोय."

अप्पांचे डोळे भरून आले. कुणी पाहू नये म्हणून खेकसले, "मी तुला मत दिलेलं नाही!"

"माहीत आहे! अख्ख्या गावाला माहीत आहे," वर्षा म्हणाली. "धरा आता, हात भरून आले माझे. धरा अप्पा, गाव तुमच्या हाती."

त्यांनी मोगरी घेतली. वर पाहिलं. बालाजी तसाच, जसा आबासाहेबांच्या वेळी होता. देवाच्या तोंडावर निकालाचा काही फरक दिसेना! अप्पा वाकले, ओठ हलले. काय म्हणाले? तुम्हीच सांगा मंडळी, मोठ्यानं सांगा — हां! "सांभाळ रे बालाजी, सांभाळ!" मोगरी सारली, हात मागे घेतला, आणि अशी हाक दिली — गोविंदा! बायकांनी दोर ताणला, बाप्यांनी ताणला, आणि रथ वळण घेऊन उतरला.

रथ देवळाशी पोचला तेव्हा पुष्पाबाईनं पिशवी उघडली. कपाटातले पेढे! "अगं, हे आबासाहेबांच्या विजयाचे होते!" अप्पा म्हणाले. "मग आता कशाचे म्हणून वाटायचे?" तिनं विचारलं. अप्पांनी एक पेढा उचलला, वर्षाच्या हातावर ठेवला. "रथ पोचल्याचे," म्हणाले. आणि लगेच बोट दाखवून, "पण पुढच्या वेळीही मी समईलाच देणार हं!"

देऊ द्या की! कोण नको म्हणतंय? अप्पांनी मत बदललं नाही, मंडळी. मागणं बदललं.

आता या मंडपात कुणी जिंकलेले आहेत, कुणी हरलेले आहेत. चेहऱ्यावरून कळतंय मला! जिंकलेल्यांनो, वळणावर थांबलात का? हरलेल्याच्या दारात एकदा तरी थांबलात? आणि हरलेल्यांनो — उद्या सकाळी नळ सोडाल तेव्हा पाणी यावं असं मनापासून वाटेल ना? की येऊ नये असं? खरं उत्तर मला देऊ नका, त्याला द्या, तो समोरच बसलाय.

चला, टाळ उचला. ज्यांनी शिडीला दिलं त्यांनी आणि ज्यांनी समईला दिलं त्यांनीही, एका आवाजात म्हणा — सांभाळ रे बालाजी, आमच्या सगळ्यांचा रथ सांभाळ!