उतारावरची अक्षरं

— बाण खाली दाखवतोय.

— थर्मासचं झाकण कुणाकडे आहे?

— गेल्या वर्षी तर इथून चढले होते.

— माझ्या चपलांचे तळ बघ, पार गुळगुळीत झालेत.

— ढग किती खाली उतरलाय.

— वास अजून येतोय, म्हणजे पुरता वाळलेला नाही.

— वरून येणाऱ्याला ते उलटं दिसणार.

— वरून कोण येणार आहे?

— सगळे.

(घाटातलं एक वळण. भुरभुर पाऊस. ताई, तिचा नवरा म्हणजे दाजी, आणि तिचा धाकटा भाऊ, रंगारी.)

ताई: सगळे म्हणजे? नीट सांगा.

दाजी: अगं, सगळे म्हणजे शर्यत. सगळ्या सायकली. यंदा वाट उलटी केलीय. पलीकडून चढणार आणि इकडून उतरणार.

ताई: आणि हे तुम्हाला आत्ता कळलं?

दाजी: बाण बघितला तेव्हा.

ताई: महिनाभर तो नकाशा फ्रिजवर चिकटवलेला होता. दूध काढायला गेले की आधी तुमचा नकाशा, मग दूध.

दाजी: तो गेल्या वर्षीचा होता.

ताई: अरे देवा.

दाजी: यंदाचा मिळाला नाही गं! मला वाटलं, घाट तो घाट. घाट काय कूस बदलतो? इथे चढ सगळ्यात उभा. इथे सगळे रांगत येतात. आपला लाडका म्हातारा, शर्यतीतला सगळ्यात जुना गडी, मान खाली घालून येणार, आणि नेमकं त्याच्या नाकासमोर रस्त्यावर आपलं लिहिलेलं. चल म्हाताऱ्या! किती छान कल्पना होती.

ताई: उतारावर सुटलेल्या माणसाला चल म्हणताय.

रंगारी: दाजी, मी विचारलं होतं. चुन्यानं लिहू का म्हणून.

दाजी: आणि मी म्हटलं, चुना पावसात धुऊन जाईल. बरोबरच म्हटलं.

रंगारी: हो. म्हणून मग ऑइलपेंट. कठड्यांसाठी आणलेला. चकचकीतवाला. दोन हात दिले.

ताई: दोन?

रंगारी: एका हातात खालचं डांबर दिसत होतं, ताई. काम अर्धवट वाटतं मग.

ताई: अहो, इकडे या. तो 'च' आहे ना, त्यावर पाय ठेवा.

दाजी: ठेवला. त्यात काय... अगं! धर, धर मला!

ताई: धरलंय. चालताना ही गत. त्यांचं टायर केवढं असतं?

दाजी: अंगठ्याएवढं रुंद.

ताई: आणि वेग? बोला ना. एरवी जेवताना घास थांबवून आकडे सांगता.

दाजी: उतारावर मागच्या मोटारींना गाठता येत नाही त्यांना.

ताई: मी चालले.

दाजी: कुठे?

ताई: त्या वरच्या झेंडेवाल्याकडे. सांगते, इथे रंग आहे, ओला आहे, आणि तो आम्ही दिलाय.

दाजी: थांब. एक मिनिट. कानात रेडिओची बातमी चालू आहे. थांब म्हणतो ना! सुटला! अगं, म्हातारा सुटला! पलीकडच्या चढावर पहिल्या नंबरच्या पोरग्याला मागे टाकून एकटा निघाला!

ताई: मग तर पळतच जायला हवं.

दाजी: ऐकून घे आधी. इतक्या दिवसांच्या एकूण वेळेत पोरगं पुढे आहे, पण केसभर. चढावर म्हातारा त्याला फार मागे टाकू शकत नाही. कुठे टाकू शकतो? उतारावर. साऱ्या शर्यतीत याच्यासारखा उतरणारा दुसरा नाही. आता तू जाऊन सांगितलंस तर काय होईल? वायरलेसवरून वर कळवतील. मग एक गाडी पुढे घालून सगळ्यांना तिच्या मागे वरातीसारखं हळूहळू खाली आणतील. हा उतार मोजलाच जाणार नाही. उद्या सपाट रस्ता, परवा शेवट. त्याचं हे शेवटचं वर्ष आहे.

ताई: मग हरेल. मरणार तर नाही.

दाजी: आणि तुझं पोरगं जिंकेल. म्हणून एवढा कळवळा.

ताई: काय म्हणालात?

दाजी: दोन आठवडे ऐकतोय. किती लाघवी हसतो, आईचं नाव घेतो, पडलेल्याला पाणी देतो. जावई करून घ्यायचाय का?

ताई: सोमवारी दवाखान्यात माझ्या टेबलावर एक माणूस होता. दुधाची गाडी चालवणारा. फरशीवर सांडलेल्या तेलावरून घसरला. पायी. प्लास्टर भिजवत होते तर मला विचारतो, बाई, हा हात माझाच आहे ना? त्याला दिसत होता तो, पण ओळखू येत नव्हता. पोरगं की म्हातारा हे मला नका सांगू.

रंगारी: ताई, पोलीस पकडतील का?

ताई: पकडू देत.

दाजी: पकडतील तेव्हा पकडतील. त्याच्या आधी टीव्हीवर दाखवतील. हाच तो रंगारी. मग कोण देणार तुला भिंत रंगवायला? कोंबड्यांचं खुराडं देणार नाही कुणी.

रंगारी: मग नको सांगायला, ताई.

ताई: तू गप्प बस. दोन हात म्हणे.

रंगारी: मी काढतो ना. पिशवीत तारेचा ब्रश आहे. घासून काढतो.

ताई: निघेल?

रंगारी: बघतो. कडा निघतायत... मधला धरून बसलाय. चांगल्यापैकी रंग आहे हा.

दाजी: कौतुक पुरे. टर्पेंटाइन टाक.

रंगारी: तेलकट होईल. आणखी घसरेल.

दाजी: माती टाकू.

ताई: या पावसात? चिखल होईल. आगीतून फुफाट्यात.

रंगारी: दाजी, मी जरा खाली जाऊन येतो.

दाजी: वा! घाण करून पळ काढतोस?

रंगारी: पळत नाही. ब्रश घेऊन जरा...

दाजी: ब्रश इथे हवाय. लघवीला जायचं असेल तर त्या दगडामागे जा आणि लगेच ये. घास!

ताई: अहो, त्याच्यावर कशाला ओरडताय? घाबरलाय तो. मीही घाबरलेय.

दाजी: मी काय मजेत आहे? पाच वर्षं त्या माणसाच्या मागे आहे मी. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, वाच म्हणतो तक्ता, आणि मी कानात त्याची बातमी ऐकत असतो. त्याला माझ्या हातून काही झालं तर...

ताई: तर मग सांगू या ना. अहो, चला दोघं जाऊन सांगू. तुम्ही नका बोलू, मी बोलते.

दाजी: सांगू. फक्त माथ्यावर पोचू दे. किती पुढे आहे ते कळू दे. कदाचित पोरग्यानं त्याला गाठलंही असेल. मग आपण सांगितलं तरी काही बिघडत नाही. थोडं थांब.

ताई: किती?

दाजी: थोडं. तू तोवर तो 'ल' बघ, तिकडे जास्त जाड बसलाय.

रंगारी: 'म्हा' वरही.

दाजी: मग 'म्हा' घास! मला काय सांगतोस!

ताई: कसला आवाज?

दाजी: ढगात काहीतरी... हेलिकॉप्टर. थांब. थांब. माथा ओलांडला. एकटाच! एकटाच येतोय!

ताई: मी जाते. झेंडेवाले! ओ दादा!

दाजी: आता काय उपयोग? तू तिथवर चढणार, त्याला समजावणार, तो वायरलेस लावणार, ते वर पोचणार. तोवर म्हातारा इथे. चहा गाळेपर्यंत येतो तो.

ताई: तुम्ही मुद्दाम केलंत.

दाजी: काय?

ताई: थोडं थांब, थोडं थांब. मला बोलण्यात गुंतवलंत.

दाजी: तो 'ल' अजून राहिलाय रे, घास.

ताई: अहो, माझ्याकडे बघा.

दाजी: मला वाटलं, रंग तोवर निघेल.

रंगारी: निघत नाहीये, ताई. बोटं सोलली पण निघत नाहीये.

ताई: ब्रश टाक. उठ. इकडे ये. आपण उभं राहायचं.

दाजी: कुठे?

ताई: अक्षरांवर. रस्त्यात. माणसं दिसली की तो अंगावर घालणार नाही, बाहेरच्या अंगानं जाईल.

दाजी: बाहेरच्या अंगाला दरी आहे!

ताई: कठडा आहे.

दाजी: गुडघ्याएवढा!

ताई: मध्ये जागा किती उरते रे?

रंगारी: एक दार बसेल एवढी.

ताई: आडवं की उभं?

रंगारी: उभं.

दाजी: पुरेल त्याला. म्हाताऱ्याला पुरेल. त्याला उंबऱ्याएवढी पुरते.

ताई: मग या. तुम्ही 'च' वर. मी मध्ये. तू तिकडच्या टोकाला. हात धरा. घट्ट. नखं लागली तरी सोडायचं नाही.

दाजी: मी घसरतोय.

ताई: पाय फाकून उभे राहा. गाडीत उभे राहतात तसे.

रंगारी: झेंडेवाला शिट्टी मारतोय आपल्याला.

ताई: मारू दे.

रंगारी: शिव्याही देतोय.

ताई: ऐकू येतायत. घरी आई-बहीण नाही वाटतं त्याला.

दाजी: आहेत गं, आत्ता त्यांचीच तर आठवण काढतोय.

ताई: हसवू नका. पाय निसटेल.

रंगारी: ताई, मला भीती वाटतेय.

ताई: मलाही वाटतेय, राजा. संपेल आत्ता.

रंगारी: नाही, ती नाही. दुसरी. ताई, मी काल...

ताई: गप्प! मोटारसायकल आली. जाऊ दे तिला. गेली. आता तो.

दाजी: तो बघ. बाप रे, केवढा वाकलाय. छाती दांड्यावर टेकवलीय.

ताई: त्याला दिसतोय का आपण?

दाजी: माहीत नाही. चष्म्यावर थेंब असणार. या पावसात काचेवर थेंब बसले की समोरचा माणूस नुसता डाग दिसतो.

ताई: मग ओरडा! हात वर करा! सोडू नका, धरलेलेच वर करा! बाहेरून! बाहेरून!

रंगारी: बाहेरून रे! बाहेरून!

दाजी: म्हाताऱ्या! ब्रेक! ब्रेक दाब, बाबा, ब्रेक!

ताई: आई गं.

रंगारी: ताई.

ताई: सांगू नकोस. सांगू नकोस मला.

रंगारी: ताई, गेला तो.

ताई: गेला म्हणजे?

दाजी: पुढे गेला! उभा! सायकलवर! अगं, डोळे उघड. माझ्या पोटाला त्याचा वारा लागला. कोपर कठड्याला घासलं असेल, पण गेला. आणि मला शिवी दिली! माझ्या तोंडाकडे बघून! मला!

ताई: कसली?

दाजी: त्याच्या भाषेतली. कळली नाही, पण मनापासून होती. जन्मभर सांगेन मी दुकानात.

ताई: तुमच्या हातात माझी नखं रुतलीत.

दाजी: तुझाच आहे तो. माझा हा इकडचा. यातही रुतलीत म्हणा.

ताई: सोडू नका, पोरगं येतंय. बाहेरून रे बाळा! बाहेरून! हळू!

दाजी: यानं बघितलं आधीच. बघ कसा लांबून वळला. शहाणा आहे. गेला.

ताई: गेला. दोघंही गेले. बाई गं. मी जरा बसते.

दाजी: अजून उभी राहा. मागचा घोळका येतोय, शंभरेक असतील. पण ते सावकाश येतील, त्यांना कसली घाई. बघितलंस? कुणाला सांगितलं नाही, तेच बरं झालं. कुणाचा केस वाकडा झाला नाही आणि म्हातारा जिंकतोय. आता एक खालचं वळण, मग गाव, मग संपलं. अरे मेहुण्या, तू का रडतोस?

रंगारी: दाजी, त्याला खालच्या वळणावर पोचायला किती वेळ लागतो?

दाजी: पोचलाच असेल. का?

ताई: काय झालं? बोल की. हात नको सोडूस, घोळका आला. बोल.

रंगारी: काल संध्याकाळी तुम्ही दोघं वर गाडीत डबा खात होता. उरलेला रंग मी खालच्या वळणावरच्या रस्त्यावर संपवला.